मोहरीला जायला शिकवताना

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी चतुराबाई आमच्याकडं भाकरी करायला आल्या. महिनाभरासाठी म्हणून आल्या होत्या. आता सहा वर्षं झाली. गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत चार घरी त्या स्वयंपाक करतात. त्यांतलं एक आमचं, आणि तेव्हा दुसरं समोरच्या दारातल्या अभय-अपेक्षा या जोडप्याचं.

बाई मूळच्या पिशोरच्या. अठराव्या वर्षी लग्न होऊन मुकुंदवाडीत आल्या आणि तिथल्या दोन खोल्यांत राहिल्या त्या राहिल्याच. नवरा सखाराम चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता, तो सात वर्षांपूर्वी गेला. मुलगा प्रणय चाकणला नोकरी करतो. चौदा एप्रिलला न चुकता येतो, एरवी सुट्टी मिळाली तर. बाई अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. कुणाच्या घरातली गोष्ट दुसऱ्या घरात नेणार नाहीत. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, गप्प बसणाऱ्या मुलांकडून बोलणं काढायची मला सवय. पण चतुराबाईंकडून काही काढायला मला मोहरीच व्हावं लागलं असतं.

मोहरी म्हणजे अपेक्षाची मांजर. ती आली तेव्हा मी तिथंच होते. खाली पार्किंगमध्ये अपेक्षाच्या स्कूटरच्या पोटातून बारीक ओरडणं येत होतं. वॉचमन स्कूटर हलवून बघत होता, कुणी काठी आणली होती. चतुराबाई काम आटोपून निघाल्या होत्या. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, फरशीवर आडव्या झाल्या आणि स्कूटरखाली हात घालून बोलायला लागल्या. "ये माय. कोनी काय करत नाय. ये." पंधरा-वीस मिनिटं त्या तशाच पडून होत्या. मग पदरात गुंडाळून एक तेलकट गोळा बाहेर आला. पुसल्यावर पांढरा निघाला, अंगभर काळे ठिपके.

"मोहरी तडतडल्यावानी दिसती," बाई म्हणाल्या, आणि ते नाव पडलं.

अपेक्षानं टॉवेल आणला, पिल्लू घेतलं, वर गेली. चतुराबाई पदर झटकत उभ्या राहिल्या. त्यांना ते घरी न्यायचं होतं, हे मला फार पुढं कळलं.

अपेक्षा वाळूजच्या एका औषध कंपनीत. सकाळी आठला बस, यायला संध्याकाळचे सहा. अभयचंही तेच. त्यामुळं मोहरी वाढली ती चतुराबाईंच्या हाताखाली, ओट्याजवळ. त्या सकाळी तिथं दोन तास आणि संध्याकाळी तास-दीड तास असायच्या, आणि माणसांशी न बोलणाऱ्या या बाई मांजराशी अखंड बोलायच्या. आमचं दार उघडं असलं की मला ऐकू यायचं. गॅस संपत आला, आज वांगी बरी मिळाली, प्रणयचा फोन नाही. मोहरी ऐकायची, मधूनच उत्तर द्यायची.

तीन वर्षं अशी गेली. मग अभयला जर्मनीत नोकरी लागली. तो जूनमध्ये पुढं गेला. अपेक्षा मागून जाणार होती, मोहरीला घेऊन.

"तिला सोडून मी जाणार नाही," तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. सासरी, माहेरी, सगळीकडं बोलणी खाल्ली. मांजर काय, तिकडं मिळत नाही का? ती ऐकायची आणि कागद गोळा करायची. मांजराला परदेशात न्यायचं म्हणजे आधी कातडीखाली चीप, मग रेबीजची लस, महिन्यानंतर रक्ताची तपासणी, ते रक्त परदेशी जाणार, आणि त्याचा निकाल चांगला आला तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. तोवर नोव्हेंबर उजाडणार होता.

चीप आणि लशीसाठी अपेक्षानं मोहरीला जाळीच्या पिशवीत कोंबून नेलं. कोंबून हाच शब्द बरोबर. जाताना ती वाटभर किंचाळली, ओकली, पिशवी घाण केली. महिन्यानं रक्त द्यायला नेलं तेव्हा त्याहून वाईट. अपेक्षाच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे, आणि मांजर टेबलावर तोंड उघडं टाकून धापा टाकतंय. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी अपेक्षाला बसवलं आणि सांगितलं की मुंबईपर्यंत गाडी, तिथं वाट बघणं, मग नऊ तास विमान, म्हणजे पुरा एक दिवस पिशवीत काढायचा. गुंगीचं औषध विमानात चालत नाही. "तीन महिने आहेत. पिशवीची सवय लागली तर न्या. नाही लागली तर इथंच चांगल्या घरी ठेवा. अशा अवस्थेत नेलं तर दगावेल."

त्या दिवसानंतर पिशवी नुसती दिसली तरी मोहरी माळ्यावर जाऊन बसायची.

अपेक्षानं चतुराबाईंना हात जोडले. "मावशी, ती माझं ऐकत नाही. तुमचंच ऐकेल. तुम्ही सवय लावा तिला. आणि नाहीच जमलं ना, तर ती तुमच्याकडंच राहील. दुसऱ्या कुणाला माझ्यानं देववणार नाही."

"बघते ताई," बाई म्हणाल्या.

दहा-बारा दिवस काहीच झालं नाही. अपेक्षा संध्याकाळी विचारायची, बाई मान हलवायच्या. "नाय ताई, लई भेती." मलाही तसंच वाटलं. मग एका सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर समोर वेगळंच दृश्य. पिशवी ओट्याच्या खाली उघडी टाकलेली, तिच्यात चतुराबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला, आणि बाई तिच्याकडं पाठ करून भाकऱ्या थापताहेत. मोहरी माळ्याच्या कडेवरून मान लांब करून बघतेय.

"बोलवायचं नाय," बाई मला हळूच म्हणाल्या. "बोलवलं की तिला कळतं, हिला काहीतरी पायजे."

पिशवीच्या तोंडाशी त्या चिमूटभर सुकट ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बोटभर आत. मग हातभर आत. आठवड्यानं मोहरीचे पुढचे दोन पाय आत गेले, मागचे दोन फरशीवर. तसंच तिनं चार दिवस काढले. बाईंना घाई नव्हती. गणपती बसले, उठले. एके दिवशी त्या आमच्याकडं आल्या आणि पीठ मळता मळता म्हणाल्या, "आज आत झोपली बाई." आवाजात आनंद होता की काय होतं, मला सांगता येणार नाही.

पुढं झिप. आधी नुसता झिपचा आवाज, मग अर्धी, मग पूर्ण आणि लगेच उघडायची. मग पिशवी उचलायची आणि ठेवायची. मग उचलून जिन्यापर्यंत. मोहरी घाबरली की बाई एक पायरी मागं यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथून सुरू. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी अपेक्षाला सांगितलं की आता रिक्षा पाहिजे.

सूतगिरणी चौकात कडुबा नावाचा एक रिक्षावाला उभा असायचा. पहिल्या दिवशी मी सोबत होते, म्हणून त्यांचं बोलणं ऐकलं.

"मावशी, पिशवीत काय?"

"मांजर."

"कुठं सोडायची?"

"सोडायची नाय. सेव्हन हिलपर्यंत चल, तिथून मागं फिर."

"म्हंजे काम काय तिथं?"

"काम काय नाय. तिला जर्मनीला जायचंय."

कडुबानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तो म्हणाला, "मग सीधं एअरपोर्टलाच नेतो ना," आणि स्वतःच हसला. पण नंतर महिनाभर खड्ड्यांतून त्यानं रिक्षा अशी नेली की जणू मागं बाळंतीण बसलीय. चतुराबाई पिशवी मांडीवर घेऊन जाळीला बोटं लावून बसायच्या आणि तिला रस्ता सांगायच्या. हा सिग्नल. हा पूल. आता भोंगा वाजंल, भ्यायचं नाय. मोहरी पहिल्या खेपेला कण्हली. चौथ्या खेपेला गप्प बसली. आठव्या खेपेला झोपली.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी बाईंनी अपेक्षाला विचारलं, "ताई, आज तिला माझ्या घरी नेऊन आनू का? तिथं विमानाचा आवाज लई जवळून येतो. ऐकला म्हंजे बरं."

अपेक्षा सामान बांधत होती. तिनं "हो" म्हटलं. मी म्हटलं, मीही येते. सहा वर्षांत मी बाईंचं घर बघितलं नव्हतं.

मुकुंदवाडीत रेल्वेरुळांच्या अलीकडं एका गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. भिंतींना निळा रंग, बाबासाहेबांची तसबीर, सखारामचा फोटो, कोपऱ्यात चकचकीत घासलेली भांडी. बाईंनी दार लावून घेतलं आणि पिशवी उघडली. मोहरी बाहेर आली. पोट जमिनीला लावून तिनं सगळी खोली हुंगली, भांड्यांच्या मागं जाऊन आली, आणि मग उडी मारून खिडकीत बसली. बाई तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. चहा ठेवायचा विसरल्या.

खिडकीला नवी कोरी बारीक जाळी ठोकलेली होती. खाली एक निळी ताटली, तीही नवीन.

"ही जाळी कधी लावली?" मी विचारलं.

"पोळ्याच्या आधी," त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या. "बाई, तुमाला सांगते. ताईला सांगू नका. ताई म्हनल्या ना, नाय जमलं तर तुमच्याकडंच? त्याच दिवशी मी जाळी आनली. बारा दिवस त्या पिशवीला हातबी लावला नाय मी. ताई इचारायच्या, आन् मी खोटं बोलायचे. भेती म्हनायचे. स्कूटरखालून मी काढली तिला. मला आनायची व्हती तवाच. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत ताईंनी टॉवेल आनला."

"मग शिकवलं कशाला?"

मोहरी खिडकीतून बाहेर कोंबड्यांकडं बघत होती.

"एक दिवस मी लवकर गेले. दार लोटलेलं व्हतं. ताई खाली फरशीवर, हात पिशवीत घालून बसलेल्या. ही माळ्यावर. ताई तिला म्हनत व्हत्या, ये ना गं, साहेब दिसभर कामावर ऱ्हानार, मला तिथली भाषा येत नाय, कोनासंगं बोलू मी? अन् रडत व्हत्या. मी तशीच मागं फिरले, जिन्यात जाऊन बसले." त्यांनी पदरानं ताटली पुसली, ती स्वच्छच होती. "मी लगीन होऊन आले तवा गावाकडं आमच्या घरात चौदा मानसं. इथं हे सकाळी कामाला गेले की मी एकली. शेजारी सगळे बाहेरच्या मुलखातले, त्यांचं मला कळंना, माझं त्यांना. पहिलं वरीस मी भिंतीसंगं बोलले बाई. खरंच सांगते. भाजी टाकली की भिंतीला सांगायचे, भाजी टाकली गं. भिंत काय वळून बघत नाय. मांजर बघती."

तेवढ्यात विमान आलं. पत्रे थरथरले. मी बघत होते की मोहरी आता कुठं पळते. तिनं कान मागं केले, अंग आक्रसलं आणि चतुराबाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "काय नाय, गेलं." मोहरी पुन्हा कोंबड्यांकडं वळली.

आम्ही तिथं दुपारभर बसलो. मोहरी निळ्या ताटलीतलं दूध प्यायली, बाईंच्या वाकळेवर पाय पसरून झोपली. निघायची वेळ झाली तेव्हा बाईंनी पिशवी उघडून ठेवली आणि पाठ केली. मोहरी उठली, आळस दिला, आणि आपल्या पायांनी आत जाऊन बसली. बाईंनी झिप लावली. त्या क्षणी त्यांचा चेहरा मी बघितला, आणि रिक्षा बघायला म्हणून गल्लीच्या तोंडाशी गेले.

रक्ताचा निकाल चांगला आला होता, तीन महिने भरले, बाकीचे कागद झाले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सहाला गाडी आली. अपेक्षाचा भाऊ मुंबईपर्यंत सोडायला चालला होता. चतुराबाई साडेपाचलाच हजर. त्यांनी अपेक्षाला दशम्या बांधून दिल्या, आणि लुगड्याचा दुसरा एक तुकडा, न धुतलेला.

"हा वर ठेवा. आधीचा घान झाला तर हा टाका. धुवू नका. आन् झिप लावताना बोलत जा, गप लावू नका."

मोहरी पिशवीत बसलेलीच होती. बाईंनी जाळीला बोटं लावली, मोहरीनं नाक लावलं. अपेक्षा वाकून नमस्कार करायला गेली तर बाईंनी तिला वरच्या वर धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. गाडी गेली. चतुराबाई जिना चढून थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि परात काढली. त्या दिवशी दोन भाकऱ्या करपल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्या त्यांनी स्वतःच खाल्ल्या, मला देईनात.

तिसऱ्या दिवशी अपेक्षाचा मला व्हिडिओ कॉल आला. प्रवास नीट झाला होता. विमानात मोहरी झोपून होती, शेजारच्या माणसाला उतरेपर्यंत कळलंही नाही की पायाशी मांजर आहे. पण घरी पोचल्यापासून ती पलंगाखाली होती आणि खात नव्हती. "चतुराबाई आहेत का हो तिथं?"

बाईंच्या हाताला पीठ होतं. मी फोन त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर एक पलंग, त्याखाली अंधार.

"मोहरे," बाई म्हणाल्या. "ये माय. कोनी काय करत नाय. ये."

अंधार हलला. मोहरी बाहेर आली. फोनपाशी आली, आणि मग फोनच्या मागं गेली. मागं कोणी नाही म्हणून पुन्हा पुढं आली. पुन्हा मागं. अपेक्षा हसत होती आणि तिच्या नाकातून पाणी येत होतं. चतुराबाईंनी तोंड फिरवलं. "बंद करा बाई," त्या म्हणाल्या. "शोधती ती."

पण तासाभरानं अपेक्षानं कळवलं की मोहरीनं अर्धी वाटी संपवली. म्हणजे आवाज तर हवा होता, पण तिनं शोधत फिरायला नको होतं. बाईंनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी आल्या त्या म्हणाल्या, "तुमच्या फोनमंदी आवाज धरून ठिवता येतो ना? मी रोज बोलते. ताईंनी तिला खायच्या वक्ताला ऐकवावं. मला मात्र तिचं तोंड दाखवू नका."

पंधरा दिवस आम्ही ते केलं. बाई परातीसमोर उभ्या राहायच्या, मी फोन ओट्यावर ठेवायची. त्या पूर्वीसारखं बोलायच्या. आज मेथी आहे. कडुबा विचारत होता तुला. प्रणयला ताप होता, उतरला. खाऊन घे. तिथं भाकरी नाय, जे दिलं ते खा. अपेक्षा सांगायची की बोलण्यापेक्षाही मागं जो भाकरी थापण्याचा आवाज येतो ना, त्याला मोहरी येऊन वाटीपाशी बसते. हे मी बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या जरा जोरात थापायला लागल्या.

मग हळूहळू गरज उरली नाही. मोहरी खायला लागली, खिडकीत बसायला लागली. जानेवारीत अपेक्षानं फोटो पाठवला. बाहेर सगळं पांढरं, आणि काचेच्या आत मोहरी, अंगानं चांगली भरलेली. बाईंनी तो फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला.

त्यानंतरच्या एका रविवारी अपेक्षाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा बाई स्वतःहून म्हणाल्या की आज बघते. मोहरी गादीवर गुंडाळून पडलेली.

"मोहरे," बाईंनी हाक मारली. मग पुन्हा. मांजर उठलं नाही.

"ऐकू जात नसंल," बाई म्हणाल्या.

"जातंय मावशी," अपेक्षा ओशाळून म्हणाली. "कान हलवला बघा तिनं. थांबा, उठवते."

"नको नको. झोपू दे. हलवला ना कान? बास." मग त्या म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

ताई, तुमी, असं म्हणणाऱ्या बाई पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाल्या. अपेक्षा जेवली नव्हती. अभय बाहेरगावी होता. ती सांगत बसली, शेजारची म्हातारी, दुकानातली पाव कापणारी बाई, भाषेचा वर्ग. बाई ऐकत बसल्या. तेव्हापासून दर रविवारी हा फोन येतो, आणि त्यात मोहरीचा विषय निघतो किंवा निघतही नाही.

समोरच्या घरात आता इंद्रजीत आणि मोनिका नावाचं जोडपं राहतं. चतुराबाई त्यांच्याकडंही स्वयंपाक करतात. मोनिकानं परवा मला विचारलं, "काकू, चतुराबाई ओट्याकडून मागं वळताना आधी पाय हळूच मागं फिरवून बघतात, आणि मग वळतात. त्यांचा पाय दुखतो का?" मी म्हटलं, नाही, तिथं आधी मांजर झोपायचं.

वॉचमननं मध्यंतरी बाईंना एक पिल्लू दाखवलं होतं, पिवळं, चांगलं गुबगुबीत. बाईंनी त्याला दूध पाजलं, डोळे पुसले आणि दुसऱ्या इमारतीतल्या एका मुलीला देऊन टाकलं. खिडकीची जाळी अजून तशीच आहे म्हणतात. डास येत नाहीत.

काल भाकरी करताना त्यांनी मला विचारलं, "बाई, मांजर किती वर्सं जगतं?"

"घरातलं असलं तर पंधरा-सोळा."

त्यांनी मनाशी हिशेब केला असावा. "ताई कधी येनार म्हनल्या?"

"पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी. पण ती एकटीच येईल. मोहरीला आणायचं म्हणजे तेच सगळे कागद, तोच प्रवास."

"नाय, नाय," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "तिला नको आनायला. पुन्हा त्या पिशवीत कायला घालायचं?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पिठाचा पुढचा गोळा हातात घेतला. बराच वेळ तो तसाच मळत राहिल्या.